एक्केचाळीस नंबरची नळी

घरात मी एकच असतो, पण सहा नंबरच्या फ्रीजरमध्ये मी दोनशे त्रेचाळीस होतो. हे वाक्य ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला आहे. घ्या तुम्हीही. मग पुढे वाचा.

मी एकतीस वर्षं एका बायोबँकेत फ्रीजर मेकॅनिक होतो. बायोबँक म्हणजे काय, तर मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला असलेली दुमजली इमारत. रोग्यांचं रक्त, गाठींचे तुकडे, असलं सगळं बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरून तिथे उणे ऐंशी तापमानात ठेवतात. आज ज्या रोगाचं कोडं सुटत नाही ते वीस वर्षांनी कुणी हुशार माणूस सोडवायला बसेल, तेव्हा त्याला माल लागेल म्हणून. थोडक्यात, अजून जन्माला न आलेल्या गिऱ्हाइकासाठी उघडलेलं दुकान.

आता या दुकानात नवे लोक शिकायला येतात. ते शिकणार कशावर? रोग्याच्या नळ्यांवर हात बसवायला देता येत नाही. एक नळी वितळली की ती कायमची गेली. म्हणून सरावासाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. पहिली तुकडी आली तेव्हा प्रमुखबाईंनी विचारलं, "कोण देतं?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी बाही वर केली. नंतर सवयच पडली. नवी तुकडी आली की मामांची, म्हणजे माझी, बाही वर; ऑफिसात मला सगळे मामाच म्हणत. वीस वर्षांत पुठ्ठ्याचे तीन डबे भरले, प्रत्येक डब्यात नऊ गुणिले नऊ असे एक्क्याऐंशी खण. काविळीतून उठल्यावरचा पिवळा मी, बायको माहेरी गेली होती तेव्हाचा टवटवीत मी, असा सगळा इतिहास क्रमाने लावलेला. मी लोकांना सांगायचो, मी मेलो तरी घाबरू नका, खालच्या कप्प्यात सुटे भाग आहेत.

ही गोष्ट मात्र माझी नाही, माझ्या भाचीची आहे.

तिला घरात सगळे मोजणी म्हणतात. चार वर्षांची असताना तिने पाहुण्यांच्या शर्टाची बटणं मोजून, "काका, तुमचं एक बटण कमी आहे," असं भर बैठकीत जाहीर केलं होतं. ते बटण नेमकं कुठलं ते सांगत नाही, पण ते गृहस्थ परत आले नाहीत. जीवशास्त्रात पदवी घेतली, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि घरी बसली, तेव्हा मीच तिला बँकेत घेऊन गेलो. म्हणजे पाप माझ्याच डोक्यावर.

माझ्या बहिणीने सगळीकडे सांगून टाकलं, "मुलगी बँकेत लागली." मग काय विचारता. दूरच्या एका काकांनी घराच्या कर्जाची कागदपत्रं पाठवली, तीही साक्षांकित. मोजणीने फोन करून समजावलं, "काका, आमच्याकडे रक्त ठेवतात." काका म्हणाले, "इतर बँकांत पितात, तुमची बरी!"

हसायला ठीक आहे. पण अकरा वर्षांनीही घरच्यांना तिचं काम सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ऑफिसलाही येत नव्हतं. या धंद्यात सरळ रस्त्याने कुणी येतच नाही. प्रमुखबाई मूळच्या सर्जन, मनगट दुखायला लागलं म्हणून इकडे आल्या. नोंदणीवाली आधी नर्स होती. मी फ्रीजवाला. शाळेत बाई विचारतात, मोठेपणी कोण होणार, तेव्हा बायोबँकेत जाणार असं म्हणणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. आणि आत आल्यावर पुढे कुठे जायचं, याचाही पत्ता नसतो. नोकरीच्या यादीत 'टेक्निशियन'च्या वर थेट 'डॉक्टर'. मधली शिडीच नाही.

मोजणीने ती काढली. कार्डशीटवर पेन्सिलने आखून नकाशा केला: मदतनीस, मग टेक्निशियन, मग साठा-प्रमुख, मग व्यवस्थापक; प्रत्येक पायरीला काय शिकायचं, कुठे शिकायचं, कुठली परीक्षा. भिंतीवर लावला. तिच्या हाताखाली शिकलेले बारा जण तो नकाशा बघत बघत चढले. एक औषध कंपनीच्या साठ्याचा प्रमुख झाला, एकजणी जनावरांच्या बँकेत मोठ्या खुर्चीवर बसली, एकाने तर नकाशाचा फोटो काढून त्यावर भाषण दिलं. आणि नकाशा काढणारी? करारावर टेक्निशियन. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर कराराला नवा फोटो. अकरा वर्षांचे तिचे फोटो मी ओळीने बघितलेत. पहिल्यात ती हसते आहे.

शेवटी व्यवस्थापकाची कायम जागा निघाली. अट एकच: प्रमाणपत्र. मोजणीने दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात तो कोर्स पुरा केला. टपालाने पुस्तक आलं ते तिने मला दाखवलं. चौथा धडा, 'साठवण'. त्यातला फोटो तिच्याच कपाटाचा, म्हणजे सहा नंबरच्या फ्रीजरचा. खाली नाव भलत्याच माणसाचं.

"मामा, माझ्याच कपाटाबद्दल मला प्रश्न विचारणार आहेत."

"मग बरंच आहे की!"

"आणि पुस्तकात उत्तर चुकीचं छापलंय. मी खरं लिहिलं तर मार्क जाणार."

तिने पुस्तकातलं लिहिलं. लेखी पास झाली. उरली प्रात्यक्षिक परीक्षा, ती आमच्याच इमारतीत, सरावाच्या डब्यांवर. म्हणजे माझ्यावर.

त्या जागेसाठी दुसरा उमेदवार होता. परदेशातून खास याच विषयातली मोठी पदवी घेऊन आलेला तरुण. त्याचा कोट इतका पांढरा आणि इस्त्रीचा की आम्ही त्याला कोराकोट म्हणायचो. मुलगा वाईट नव्हता. तात्पुरता कामावर आला त्या पहिल्या दिवशी त्याने मोजणीला विचारलं, "मॅडम, इथला रोबो कुठेय?" मोजणीने हातमोजा घातलेला स्वतःचा हात वर केला.

परीक्षा मंगळवारी. त्याआधीच्या गुरुवारी सहा नंबरच्या फ्रीजरच्या दाराचं रबर सुटलं, आणि मी निवृत्त असूनही मला बोलावणं आलं. हा फ्रीजर जुना, तऱ्हेवाईक, त्याला आधी "काय आजोबा, बरे आहात ना?" असं विचारल्याशिवाय तो पान्याला दाद देत नाही. मी विचारपूस केली, रबर बसवलं, कडेचं बर्फ खरवडलं. खालच्या कप्प्यात माझे तीन डबे. बघतो तर तिघांच्याही झाकणावरच्या चिठ्ठ्या मागच्या भिंतीकडे, पाठ आपल्याकडे. म्हटलं, पोरीची परीक्षा आहे, बाहेरचा परीक्षक येणार, दार उघडल्याबरोबर सगळं कसं समोर तोंड करून उभं असलं पाहिजे. डबे फिरवायला गेलो तर बर्फाने तळाला घट्ट चिकटलेले. झाकणं मात्र सुटी. मग डबा कशाला हलवा? तिन्ही झाकणं उचलली, अर्धा फेरा फिरवली, परत बसवली. चिठ्ठ्या समोर आल्या. कपाट कसं छान दिसायला लागलं. मी शीळ घालत घरी गेलो.

लक्षात आलं का काय केलं ते? माझ्या नव्हतं आलं.

मंगळवारी सकाळी परीक्षक आले. गळ्यात स्टॉपवॉच, काखेत फळी, फळीला कागद. मी 'रबर तपासायला' म्हणून दाराच्या काचेशी उभा. परीक्षा सोपी: यादीतल्या दहा नळ्या बारा मिनिटांत काढून कोरड्या बर्फाच्या ट्रेमध्ये मांडायच्या, नोंद करायची, जागच्या जागी परत ठेवायच्या. सरावाचा माल म्हणून नळीचा नंबर तोच खणाचा नंबर. बाराव्या खणात बारा नंबरची नळी. मोजायला सुरुवात कुठल्या कोपऱ्यापासून? झाकणावर लाल बाण आहे, त्या कोपऱ्यापासून.

आधी कोराकोट आत गेला. त्याने झाकण काढलं, बाणाचा कोपरा बघितला, आणि टकटक टकटक खण मोजत दहा नळ्या उचलल्या. चार मिनिटं. परीक्षकांनी फळीवर दहा खुणा केल्या: खण बरोबर, खण बरोबर. कोराकोट बाहेर येताना मला म्हणाला, "मामा, तुम्ही फारच थंड माणूस आहात." मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग मोजणी. पहिली नळी उचलली आणि अंगठ्याने लेबलावरचं हिम पुसलं. तिथेच थबकली. नळी परत ठेवली. दुसरी उचलली, पुसलं, परत ठेवली. तिसरी. मग तिने झाकण लावलं आणि हात मागे घेतले.

"काम थांबवते आहे," ती म्हणाली. काचेतूनही ऐकू आलं. "तीन काढल्या, तिन्ही चुकीच्या नळ्या आहेत."

"पुढच्या घ्या ना," परीक्षक म्हणाले. "वेळ चालू आहे."

"चौथ्या धड्यात लिहिलंय, विसंगती दिसली तर हात लावू नये, काम थांबवून लेखी कळवावं."

"बाई, तो नियम कामाचा आहे. ही परीक्षा आहे."

ती टेबलावरचा फॉर्म ओढून विसंगतीचा अहवाल लिहायला बसली. परीक्षकांचं घड्याळ टिकटिकत राहिलं. बारा मिनिटांनी त्यांनी ते बंद केलं, ट्रेमध्ये डोकावले, ट्रे रिकामा. फळीवर दहा फुल्या.

ती बाहेर आली आणि माझ्याजवळ थांबली. चेहरा फ्रीजरच्या दारासारखा.

"बाराच्या जागी सत्तर निघाली. पाचच्या जागी सत्त्याहत्तर. तीसच्या जागी बावन्न. कर बेरीज."

मी केली. ब्याऐंशी. ब्याऐंशी. ब्याऐंशी.

"अख्खा डबा उलटा मोजला जातोय, मामा. कुणीतरी झाकण फिरवलंय. मला ब्याऐंशीतून वजा करून दहाच्या दहा काढता आल्या असत्या, दोन मिनिटांत. पण तीन जुळल्या म्हणून उरलेल्या जुळतीलच, हे धरून चालायचं नाही असं बारा जणांना मीच शिकवलंय." मग म्हणाली, "तुझा चेहरा का उतरला?"

"रबर," मी म्हणालो. "रबर जरा ढिलं वाटतंय."

मी मोठमोठ्या थापा मारल्यात. ही सगळ्यात लहान होती आणि सगळ्यात जास्त लाज हिचीच वाटली.

शुक्रवारी निकाल कच्चा आला. कोराकोट, विशेष प्रावीण्य. मोजणी, अनुत्तीर्ण. खाली एक ओळ होती: सरावाच्या साठ्यात गोंधळ असल्याचं उमेदवार स्वतःच लिहून देते, हा साठा तिच्याच ताब्यात असल्याने गोंधळाची जबाबदारी तिची धरावी. पक्का निकाल पुढच्या शुक्रवारी. म्हणजे जागा तर गेलीच, वर अकरा वर्षांच्या कामावर ठपका. अशा ठपक्यानंतर पुढचा करार कोण करतो?

मी तिच्या घरी गेलो. बहीण स्वयंपाकघरात होती. मोजणी टेबलाशी बसून निकालाच्या कागदाची घडी घालत होती, उघडत होती, परत घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. झाकणं, चिठ्ठ्या, शीळ, सगळं.

तिने घडी घालणं थांबवलं. मग म्हणाली, "छान दिसावं म्हणून?"

"तुझी परीक्षा होती ना गं."

"मामा, त्या चिठ्ठ्या मी मुद्दाम भिंतीकडे ठेवते. दाराकडे असल्या की दर उघडझापीला त्यांच्यावर बर्फ चढतं, अक्षर पुसतं. तीन वर्षं प्रयोग करून ठरवलंय मी ते." घडी घातलेला कागद तिने टेबलावर आपटला. कागद असल्याने आवाजसुद्धा झाला नाही, त्याने ती आणखी चिडली. "विचारायचंस तरी! एक फोन! तुम्हा सगळ्यांना माझं भलं करायचं असतं, आणि एकालाही मला विचारायचं नसतं!"

आतून बहीण ओरडली, "अगं, मामाशी असं बोलतात का?"

"बोलू दे तिला," मी म्हणालो.

सोमवारी मी समितीसमोर उभा राहिलो. प्रमुखबाई मधे, दोन्ही बाजूंना दोन सभासद. मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जशी घडली तशी, जराही मीठ-मिरची न लावता सांगितली.  मग डावीकडचे सभासद खांदे हलवून हसायला लागले.

"मामा, मागे अलार्मची वायर उंदराने कुरतडली आणि दुसऱ्या दिवशी त्याने येऊन माफी मागितली, हे तुम्हीच लिहून दिलं होतं ना?"

"ते जरा..."

उजवीकडचे म्हणाले, "आणि चार नंबरचा फ्रीजर बंद पडला तेव्हा? बायको रागावल्यावर जसं बघते तसं तुम्ही दोन तास त्याच्याकडे बघत राहिलात, म्हणून तापमान टिकलं?"

"दोन अंश कमीसुद्धा झालं होतं," मी म्हणालो. काय करणार, जिभेचं वळण.

प्रमुखबाईंनी खणातून एक जाडजूड फाईल काढली. वर लिहिलं होतं: 'मामांचे खुलासे'. एकेक पान उलटत गेल्या. प्रत्येक पानाखाली त्यांच्याच अक्षरात तेच दोन शब्द: खुलासा अमान्य. खुलासा अमान्य. खुलासा अमान्य.

"भाचीसाठी जीव तुटतो, कळतं मला," बाई म्हणाल्या. आवाजात दया होती, तीच जास्त लागली. "पण हे तुम्ही रचलेलं नाही, हे मी कशावरून मानू?"

"फ्रीजर उघडून बघा! प्रत्येक खणाची आणि त्यातल्या नळीची बेरीज ब्याऐंशी येईल. चुकून विस्कटलेल्या नळ्या अशा रांगेत विस्कटत नाहीत. झाकणच फिरलंय."

"तीन डबे, दोनशे त्रेचाळीस नळ्या. एकेक बाहेर काढून वाचायची म्हणजे दोन साक्षीदार, अर्धा दिवस, आणि कागदोपत्री कारण. समितीला शंका आली हे कारण होत नाही. माल हलवायचा तर मागणी लागते. संशोधकाची, नाहीतर दात्याची."

बाई पुढे काहीतरी बोलत होत्या. मी ऐकणं सोडलं होतं. नाहीतर दात्याची.

वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा बाही वर करताना मी एका कागदावर सही केली होती. तो कागद प्रत्येक दात्याला देतात, आणि त्याच्या तळाला एक ओळ असते, जी कुणी वाचत नाही: मी केव्हाही, कारण न देता, माझी संमती मागे घेऊ शकतो. तसं झालं की त्या माणसाची प्रत्येक नळी शोधून, लेबल वाचून, दोन साक्षीदारांसमोर नोंदवून, चोवीस तासांत नष्ट करावी लागते. त्यात प्रमुखबाई काय, सरकारसुद्धा आडवं येऊ शकत नाही.

"बाई," मी म्हणालो, "मला एक कोरा कागद द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा नंबरचं दार उघडलं. मला दाता म्हणून खोलीत हजर राहायचा हक्क होता, म्हणून एक स्टूल मिळालं. नळ्या काढायचं काम साठ्याच्या टेक्निशियनचं, म्हणजे मोजणीचं. साक्षीदार प्रमुखबाई आणि कोराकोट. ती माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. तिने डबा सोडवला, झाकण काढलं, बाणाचा कोपरा धरला, आणि अंगठ्याने हिम पुसत वाचायला लागली.

"खण एक. नळी एक्क्याऐंशी."

कोराकोटने लिहिलं.

"खण दोन. नळी ऐंशी. खण तीन. नळी एकोणऐंशी."

पंधराव्या खणापर्यंत प्रमुखबाई मनातल्या मनात आधीच आकडा पुटपुटायला लागल्या होत्या. आणि कोराकोटचं पेन थांबलं. कोट पांढरा होताच, आता वरचा चेहराही मॅच झाला.

"मॅडम," तो मोजणीला म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी माझ्या दहाच्या दहा..."

"हो."

"मी लेबल वाचलंच नाही. तिकडे ते रोबो वाचतो." मग त्याने बाईंकडे बघून घसा खाकरला. "मॅडम, हेही लिहून घ्या. माझ्या दहाही नळ्या चुकीच्या होत्या, आणि मला कळलं नाही. त्यांना पहिल्याच नळीला कळलं."

बाईंनी मान हलवली. मोजणी पुढे वाचत राहिली. आकडे एका बाजूने चढत होते, दुसऱ्या बाजूने उतरत होते, जिन्यात दोन माणसं एकमेकांकडे यावीत तसे. आणि मग:

"खण एक्केचाळीस. नळी..."

ती थांबली. पुन्हा पुसलं.

"एक्केचाळीस."

"ही कशी काय जागेवर?" कोराकोट वाकून बघायला लागला.

"बरोबर मधली आहे," ती म्हणाली. नळी तिने उजेडात धरली होती. "झाकण फिरवा, डबा फिरवा, काय हवं ते फिरवा. ही आहे तिथेच राहणार." मग हळूच म्हणाली, "अकरा वर्षं."

 मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

तिन्ही डबे झाले. प्रत्येक बेरीज ब्याऐंशी. प्रमुखबाईंनी नोंदीखाली सही केली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'झाकणे फिरलेली आढळली. नळ्यांच्या मांडणीत चूक नाही.' मग दोनशे त्रेचाळीस मी एका पिवळ्या पिशवीत भरले गेलो आणि वाफेच्या यंत्राकडे रवाना झालो. पिवळा मी, टवटवीत मी, सगळे. मी त्यांना हात केला. आता माझी एकच प्रत उरली, तीही जुनी, दाराचं रबर ढिलं झालेली.

तुम्ही म्हणाल, चला, गोड झालं. थांबा. शुक्रवारी पक्का निकाल आला तो असा: काम थांबवण्याचा उमेदवाराचा निर्णय योग्य होता. ठपका काढण्यात येत आहे. दोन्ही उमेदवारांचा निकाल रद्द. परीक्षा पुन्हा घ्यावी, सरावाचा साठा उपलब्ध झाल्यावर.

सरावाचा साठा पिवळ्या पिशवीतून गेलेला. आणि नियम असा की सरावाची नळी निदान सहा महिने मुरलेली असली पाहिजे. तोपर्यंत जागा रिकामी. कारभार, अर्थातच, मोजणीकडे. पद टेक्निशियन. करार अकरा महिने. फोटो दोन प्रती.

ती निकाल घेऊन भांडारात आली. मी तिथेच होतो, एक स्क्रू घट्ट करत, जो आधीच घट्ट होता.

"सहा महिने!" ती म्हणाली. "मी बरोबर होते हे सगळ्यांनी लिहून दिलंय, सह्या केल्यात, शिक्का मारलाय. आणि बरोबर असल्याबद्दल मला काय मिळालं? सहा महिने थांबा! चूक असते तर निदान आजच मोकळी झाले असते!"

"माझ्यामुळेच गं."

"तुझ्यामुळेच! आणि तुझ्यामुळेच ठपका गेला, म्हणजे तुझ्यावर धड रागावताही येत नाही!" तिने कपाटातून तीन नवे डबे काढून टेबलावर आदळले. या वेळी आवाज झाला. तिला जरा बरं वाटलं असावं.

मग तिने कटर घेतलं आणि पहिल्या डब्याचा एक कोपरा तिरपा कापून टाकला. झाकणाचा नाही, डब्याचा. दुसऱ्याचा. तिसऱ्याचा. कोराकोट दारात उभा होता.

"हे असं का, मॅडम?"

"झाकण फिरतं. डबा फिरत नाही. एकचा कोपरा कुठला, हे डब्यालाच विचारायचं. लिहून घे, परीक्षेला येईल. आणि परीक्षकांच्या फळीवर 'लेबल वाचले का' असा रकाना नाहीये. तो मी आज लिहून पाठवतेय."

"तुम्हीच परीक्षार्थी, आणि तुम्हीच रकाना पाठवणार?"

"मग दुसरं कोण पाठवणार?"

त्याने वहीत लिहिलं. मग वही खिशात घातली, कोट काढून खुंटीला लावला आणि बाही वर केली. पहिल्यांदाच त्याचा हात दिसला. माणसासारखाच होता. मोजणीने दोघांची नावं दात्यांच्या फॉर्मवर लिहिली: आधी स्वतःचं, मग त्याचं. तळाची ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली. त्याने वाचली. सही केली.

मीही स्टूल पुढे ओढलं आणि बाही वर केली.

"दात्याची वयोमर्यादा पासष्ट आहे, मामा," ती न बघताच म्हणाली.

"मग? मी तर त्रेपन्न वर्षांचा आहे. निवृत्तीच्या वेळी ऑफिसने तारीख चुकीची धरली. त्या कारकुनाचं झाकण फिरलं होतं."

तिने सुईचं पाकीट फोडलं. ओठाचा एक कोपरा जरासा हलला, तेवढाच. मग माझी बाही धरून मनगटापर्यंत खाली ओढली, आणि बटण लावलं.

"खुलासा अमान्य."